कोकण किनाऱ्याने सायकल, वाटेत घरबांधणी: आधी काय, मग काय

दिवाळी उलटली की विचारणा सुरू होते: "मांडव्यापासून रेडीपर्यंत सायकल मारायची आहे, वाटेत कुठे घरकुलाच्या कामाला हात लावता येईल का?" सायकलने लांबचा पल्ला मारत वाटेत घरबांधणीला हात लावणाऱ्या, अमेरिकेत 2002 साली सुरू झालेल्या 'बाइक अँड बिल्ड' या संस्थेच्या फेऱ्यांबद्दल कुणीतरी वाचलेलं असतं. कल्पना उत्तम असते, क्रम उलटा असतो. आधी रस्ता आखला जातो, हॉटेलं ठरतात आणि मग दोन मुक्कामांच्या मधल्या दुपारी "थोडं श्रमदान" बसवलं जातं. त्या दुपारी गवंडी हातातलं काम टाकून तुम्हाला थापी कशी धरायची ते शिकवतो, घरच्या वहिनी आठ जणांचा चहा करतात आणि भिंत होती तिथेच राहते.

म्हणून हा लेख कामापासून सुरू होतो. सायकल चौथ्या टप्प्यात येते.

टप्पा 1: काम आधी पक्कं करा (निघण्याच्या दोन महिने आधी)

एका ठिकाणी सलग चार दिवस थांबता येतील अशी दोनच कामं निवडा. पहिला दिवस काम समजून घेण्यात जातो, उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो. तीन जिल्ह्यांत सहा ठिकाणी एकेक दिवस, हा बेत तुमच्या फोटोंना चांगला, कामाला नाही.

काम शोधायला संस्थेमार्फत जाणं सोपं पडतं. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीसारख्या संस्था स्वयंसेवकांचे गट बांधकामावर नेतात आणि सुरक्षिततेची जबाबदारीही नीट ठरलेली असते. ते जमत नसेल तर थेट ग्रामपंचायतीत जा. सरपंच आणि ग्रामसेवक दोघांशी बोला, कोण, किती जण, कुठल्या तारखा हे लिहून द्या. फोनवरचं "या की, काही प्रॉब्लेम नाही" हे कोकणातलं आतिथ्य असतं. त्याला परवानगी समजू नका.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटरचं असतं. अनुदानाची मूळ रक्कम सपाट भागात 1,20,000 रुपये, डोंगराळ भागात 1,30,000. ही रक्कम एकदम हातात पडत नाही. पाया, जोतं, भिंती, छप्पर अशा टप्प्यांवर फोटो चढतात आणि मग हप्ता येतो. हप्ता अडकला की काम थांबतं. तुम्ही 12 जानेवारीला पोचता आणि जोत्यावर कुत्रं झोपलेलं असतं. यात कुणाला फसवल्याचा प्रश्न नाही, पण तुमचे चार दिवस गेले.

*तपासणी, फोनवर पाच प्रश्न:*
- जागा कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पंधरा नावं आणि त्यातली नऊ मुंबईत, हे नेहमीचं. सामाईक जागेवर हरकत आली असेल तर तिथे पाऊल ठेवू नका. परक्या माणसांनी उचललेला एक चिराही भावकीत वर्षभर पुरतो.
- किनाऱ्यालगतची जागा असेल तर सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची) परवानगी झाली आहे का?
- आज काम कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढचा हप्ता आला आहे का?
- गवंडी कोण, आणि आपण येतो हे त्याला मान्य आहे का? हा प्रश्न कुणीच विचारत नाही.
- घरच्या माणसांची स्वतःची मजुरी बुडणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नावर जरा थांबतो. घरकुलासाठी रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांच्या अकुशल मजुरीची तरतूद ठेवलेली आहे. ते पैसे घरच्याच माणसांना मिळू शकतात. तुम्ही फुकट येऊन तेच काम केलंत आणि त्यांची हजेरी बुडाली, तर मदत केली की नुकसान? घमेली वाहणं घरच्यांच्या हजेरीवर असेल तर तुम्ही हजेरीत न येणारी कामं मागून घ्या: रचलेल्या चिऱ्यांची निवड, पाणी मारणं, आवाराची साफसफाई, रंग.

टप्पा 2: महिना

डिसेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. याबाहेर जाऊ नका. मार्चपासून उकाडा वाढतो आणि शिमगा लागला की गवंडी, बिगारी, सरपंच सगळे पालखीमागे असतात. एप्रिल-मे महिन्यांत छप्पर पावसाआधी घालायची घाई असते. तेव्हा नवख्यांना सांभाळायला कुणाला वेळ नसतो, शिवाय खाडीकाठच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ होतं. जून ते सप्टेंबरचा तर प्रश्नच नाही.

टप्पा 3: नकाशा आणि तरी (खाडीवरच्या फेरीबोटी)

कामाच्या दोन जागा ठरल्यावर त्यांच्याभोवती रस्ता आखा. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, त्याचा त्रास नाही. दुपारी खारा वारा सुटतो तो बहुतेक वायव्येकडून, म्हणजे तुमच्या पाठीवर. रेडीहून वर निघालेल्यांना तोच वारा रोज दुपारी तोंडावर मिळतो.

रस्ता ढोबळमानाने असा: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, हर्णे, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, रेडी. वळणं धरून 500 ते 550 किलोमीटर. सायकलीचे दहा दिवस, कामाचे आठ, हातचे दोन. एकूण वीस.

नकाशावर दिवसाला 55 किलोमीटर हा आकडा किरकोळ दिसतो. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो करवतीच्या दात्यांसारखा आहे. खाडीपाशी उतरायचं, सड्यावर चढायचं, परत उतरायचं. कुठलाच चढ घाटाएवढा लांब नाही, म्हणून कुणी त्याची तयारी करत नाही. संध्याकाळपर्यंत एकूण चढाई मात्र 800 ते 1,000 मीटर होऊन बसते. दिवसाला 60 किलोमीटरच्या वर काहीही ठरवू नका.

आता या तरींबद्दल. पूल होतील तेव्हा होतील. आज या चार ठिकाणी बोटीने खाडी ओलांडायची आहे असं धरून चाला:
1. आगरदांडा ते दिघी (राजपुरी खाडी)
2. बागमांडले ते वेसवी (सावित्री, बाणकोटची खाडी)
3. दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी)
4. तवसाळ ते जयगड (शास्त्री)

सायकल सहज चढते, भाडं किरकोळ. वेळा मात्र आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला फेरी पुढेमागे होऊ शकते.

*सावधान:* दाभोळची शेवटची बोट चुकली तर "रस्त्याने जाऊ" म्हणू नका. दापोली, खेड, चिपळूण करत पलीकडच्या काठावर यायला 100 किलोमीटरहून जास्त पडतात. मुक्काम अलीकडच्या काठावर करा. आम्ही तवसाळला एकदा पंधरा मिनिटांनी बोट चुकवली आणि जयगडचे दिवे बघत धक्क्यावर फरसाण खाल्लं. समोर दिसतं म्हणून जवळ असतं असं खाडीत समजू नये.

टप्पा 4: सायकल

महागडी नको. गिअरची हवी, कॅरिअर घट्ट बसणारी हवी. मागच्या कॅसेटमधलं (चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचातलं) सगळ्यात मोठं चक्र किमान 34 दात्यांचं असू द्या. टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंद. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर खडी उखडलेली असते, बारीक टायरने रोज पंक्चर काढत बसाल.

खरे शत्रू दोन: खारी हवा आणि लाल धूळ. मिठाने चेन दोन रात्रींत तांबते. जांभ्याची धूळ तेलात मिसळली की तिची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते आणि ती ब्रेक पॅड, चेन दोन्ही खाते. त्यामुळे:
- प्रत्येक तरीनंतर, त्याच संध्याकाळी, गोड्या पाण्याने सायकल धुवा. बादलीभर पुरतं. पुसा, वाळू द्या आणि मगच चेनला तेल. ओल्या चेनवर तेल ओतणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.
- तेल घालून झालं की फडक्याने वरचं पुसून काढा. चेन बाहेरून चकचकीत दिसली तर ती धूळ धरणार.
- निघण्याआधी सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, ग्रीस लावा. नाहीतर रेडीला पोचेपर्यंत तो नळीत कायमचा बसतो.
- ब्रेक पॅडचे दोन जोड जवळ ठेवा. उतार तीव्र आहेत आणि वळणानंतर म्हैस असते.

आणि पुळणीवर सायकल घालू नका. काशीदला किंवा गुहागरला मोह होतो, फोटोही छान येतो. त्या वाळूचे कण पुढचे चार दिवस कटकट वाजतात.

टप्पा 5: शरीर, दोन वेगळ्या तयाऱ्या

सायकल चालवणाऱ्याला वाटतं आपण तंदुरुस्त आहोत. पाय तंदुरुस्त असतात. चिरा उचलायला कंबर, खांदे आणि पंजे लागतात आणि रोज सहा तास पुढे वाकून बसलेल्याची कंबर आधीच आखडलेली असते. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ सगळ्या दुखापती रस्त्यावर झाल्या नाहीत. कामाच्या पहिल्या सकाळी, पहिल्या तासात झाल्या.

निघण्याआधी सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा किलोची पिशवी जमिनीवरून गुडघ्यांत वाकून उचलायचा सराव करा. सायकलीचा सराव तुम्ही करालच, त्यावर लिहीत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

*नियम:* सायकल आणि काम एका दिवशी नको. पोचलात त्या दिवशी फक्त पोचा. काम संपल्यावर अर्धा दिवस आराम करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. कामाचे दिवस म्हणजे सायकलीपासून विसावा, असं वेळापत्रकात कधीही लिहू नका.

टप्पा 6: सामान

थोडक्यात सांगतो. सायकलीचे हातमोजे सिमेंटला चालत नाहीत, रबराचे वेगळे घ्या. सिमेंटने कातडी भाजते आणि त्या फाटलेल्या बोटांनी पुन्हा हँडल धरायचं असतं. टाच बंद असलेले जाड बूट, चष्मा, सुती टोपी, जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट दोन. खोबरेल तेल. ओआरएस. हेल्मेट सायकलीचं वेगळं, साइटचं वेगळं. साइटचं तिथे मिळेल असं गृहीत धरू नका.

आणि शिधा. सहा माणसांचं चार दिवसांचं तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर गावातल्या दुकानातून पहिल्या संध्याकाळी विकत घ्या आणि ज्यांच्याकडे जेवणार त्यांच्या हातात द्या. "नको ओ, कशाला" होईल. तरी द्या. घर बांधायला काढलेल्या माणसाकडे पाहुणचाराला पैसे उरलेले नसतात आणि तो तसं कधीच म्हणणार नाही. गट सहापेक्षा मोठा नको, तोही याच कारणाने.

टप्पा 7: कामाचे चार दिवस

*पहिली सकाळ.* मिस्त्रींना भेटा आणि विचारा, "आज आमच्यामुळे तुमचं काय हलकं होईल?" "आम्ही भिंत बांधू का?" असं विचारू नका. भिंत बांधणं त्यांची विद्या आहे आणि बऱ्याचदा कामाचा दर ठरलेला असतो. तुमच्यामुळे दिवसाला एक थर कमी झाला तर तोटा त्यांचा.

*चिरे वाहणं.* जांभ्याचा चिरा आकाराप्रमाणे 25-30 किलोच्या घरात जातो. खाणीतून नुकता काढलेला ओलसर आणि मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. ताजा चिरा हाताला लाल करतो. तो लाल रंग माझ्या हँडलच्या टेपवर अजून आहे. दोघांनी मिळून उचला, गुडघ्यांत वाका, अंगाशी धरून चाला. डोक्यावर न्यायचा तर चुंबळ घ्या आणि घरच्या बायका कशा वळतात ते आधी बघा: त्या मान वळवत नाहीत, पाय वळवतात. पहिल्या तासात वीसच चिरे. तुमच्यातला एक जण चाळीस नेऊन दाखवेल आणि दुसऱ्या दिवशी खाटेवर असेल.

*चिरे निवडणं.* काम सोपं आणि खरोखर उपयोगी. कोपरे तुटलेले वेगळे, मातीची मोठी भोकं असलेले वेगळे, चांगल्या कडांचे वेगळे रचायचे. चांगल्या कडा बाहेरच्या तोंडाला आणि कोपऱ्यांना लागतात. मिस्त्रींच्या डाव्या हाताला रचायचं की उजव्या, हे विचारून घ्या.

*भिजवणं.* चिरा बसवण्याआधी त्यावर पाणी मारतात. कोरडा चिरा मालातलं (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. थर सुरू व्हायच्या आधी पाणी मारून झालेलं हवं. मिस्त्री माल पसरतायत आणि तुम्ही बादली शोधताय, असं नको.

*माल.* भिंतीसाठी सिमेंट एक, वाळू सहा हे प्रमाण सर्रास चालतं, पण प्रमाण मिस्त्री सांगतील ते. तुमचं काम मोजण्याचं. सगळी घमेली सारखी भरा. नवखे लोक वाळूचं घमेलं काठोकाठ आणि सिमेंटचं शीग लावून भरतात. आधी कोरडं कालवा, रंग एकसारखा झाला की मगच पाणी. पाणी घातल्यापासून दोन तासांत संपेल एवढाच माल करा. सुकत आलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो "जिवंत" करू नका.

*सावधान:* वाळू कुठून आली ते विचारा. खाडीच्या वाळूत मीठ असतं, मीठ सळईला गंज चढवतं आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटतात. मात्र हे विचारायचं मिस्त्रींना बाजूला, हळू आवाजात. घरमालकासमोर साइटवर ज्ञान पाजळू नका.

*पातळी.* जोत्याची पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने बघतात. एक टोक मिस्त्रींकडे, दुसरं तुमच्याकडे. दोन्हींकडे पाणी एका उंचीवर येतं, तिथे खूण करायची. यात आम्ही एकदा मार खाल्ला. नळीच्या मध्यावर, वळशात, बोराएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. कुणाचं लक्ष नाही. खूण केली, दोरी बांधली, दोन थर चढले. चहाच्या वेळी मिस्त्री लांबून बघत म्हणाले, "कोपरा पडलाय." ओळंबा आणि नळी परत लावली तर एका बाजूला जवळजवळ इंचाचा फरक. दोन थर उतरवले, चिरे खरवडून साफ केले आणि दिवस गेला. मिस्त्री काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून खूण करण्याआधी: पूर्ण नळी उजेडाकडे धरून बुडबुडा नाही हे बघा. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेत का ते बघा. मग दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी सारखं दिसलं तरच पुढे जा.

*सांधे.* दोरी पकडायचं काम तुमच्याकडे असेल तर एवढं लक्षात ठेवा की खालच्या थराच्या उभ्या सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये. आलेला दिसला तर लगेच बोला, थर पूर्ण झाल्यावर नाही. दरजा भरणं, म्हणजे बाहेरून सांधे मालाने बंद करणं, हे तिसऱ्या दिवशी हात बसल्यावर मागून घ्यायला हरकत नाही.

*पाणी मारणं.* कुणालाच नको असलेलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. स्लॅब किंवा लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) असेल तर साधं सिमेंट वापरल्यास किमान 7 दिवस, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) असल्यास 10. गोणीवर लिहिलेलं असतं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा अशा पाळ्या लावा आणि पाणी गोडंच वापरा. तुम्ही निघाल्यावर उरलेले दिवस कोण मारणार हे त्याच वेळी ठरवून टाका.

*काय करू नये:* परांचीवर चढू नका. विजेच्या तारेला, कटरला हात लावू नका. छपरावर जाऊ नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन ते दापोली पट्ट्यात पत्रे कागदासारखे उडवले, तेव्हापासून तिथले लोक पत्र्याच्या प्रत्येक बोल्टकडे संशयाने बघतात आणि ते बरोबर आहे. ते काम जाणत्यालाच करू द्या. तुम्ही खालून बोल्ट मोजून द्या.

टप्पा 8: निघताना

हत्यारं धुऊन जागेवर. घमेल्यात सुकलेला माल ठेवला तर तुमची आठवण त्या घमेल्यावरूनच निघेल. घरातल्या माणसांचे, त्यांच्या कागदपत्रांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. रोख पैसे एका माणसाच्या हातात देऊ नका. द्यायचेच तर गावच्या दुकानात सिमेंटच्या गोण्यांचं बिल भरा आणि पावती घरच्यांकडे ठेवा.

परतीला सायकल रेल्वेने आणायची असेल तर पार्सलची सोय प्रत्येक स्थानकावर नसते आणि लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटं थांबते. आधी चौकशी करा, गाडीच्या दोन तास आधी पोचा, पेडल काढा, हँडल वळवून बांधा आणि स्थानकाचं नाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दोन ठिकाणी लावा.

एक काम जूनसाठी वहीत लिहून ठेवा. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्या घरी फोन करा आणि कुठे गळतंय का, भिंतीला ओल आली का ते विचारा. आली असेल तर कुठल्या कोपऱ्याला, जमिनीपासून किती वर, हे नीट विचारून मिस्त्रींना कळवा. दरजा तुम्ही भरल्या असतील तर तेही सांगा.